‘मी परवानगी देत नाही’ पेस्ट करण्याआधी एवढं वाचा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर ती पोस्ट वर्षाआड उगवतेच. ‘उद्यापासून फेसबुकचा नवा नियम लागू, माझे फोटो वापरायला मी परवानगी देत नाही, शेअर नको, कॉपी-पेस्ट करा.’ अरे भो, खातं उघडताना ज्या अटींवर ‘सहमत’ दाबलं, त्या आपल्याच भिंतीवर चार ओळी लिहून रद्द होत नाहीत. नियम पटत नसेल तर सेटिंग बदला, खातं बंद करा, नाहीतर तक्रार करा. पोस्टने यातलं काहीच होत नाही.

विरोध करूच नये असं माझं म्हणणं नाही. कंपनी जे मोजते त्याला धक्का लागला तरच ती हलते, एवढंच. नुसती डोकी मोजून भागत नाही. 2012 च्या डिसेंबरात फेसबुकने धोरणबदलावर चक्क मतदान घेतलं. साधारण 6 लाख 68 हजार मतं पडली, त्यातली 88 टक्के विरोधात. पण निकाल बंधनकारक व्हायला 30 टक्के वापरकर्त्यांनी मत द्यायला हवं होतं, आणि वापरकर्ते तेव्हा 100 कोटींवर गेलेले. 30 कोटी मतं आणणार कुठून? बदल झाले, आणि मतदानाची सोयही त्याच बदलांत गेली.

रेडिट या चर्चांच्या साइटवरचं 2023 चं आंदोलन याहून मोठं. अपोलोसारखे बाहेरचे अ‍ॅप ज्या एपीआयमधून रेडिटची माहिती घेतात, त्याच्या दर हजार विनंत्यांना कंपनीने 24 सेंट असा दर लावला. अपोलो अ‍ॅपवाल्याचा हिशेब वर्षाला 2 कोटी डॉलरपर्यंत गेला. 12 जूनपासून दोन दिवस आठ हजारांवर सबरेडिट (रेडिटवरचे विषयवार गट) निषेध म्हणून बंद राहिले. चूक झाली ती ‘दोन दिवस’ या शब्दांत. बाजार समितीत परवा माल आणणारच असं आधी सांगून लिलाव बंद पाडला, तर व्यापारी भाव कशाला वाढवेल? जे पुढेही बंद ठेवून बसले त्यांना मॉडरेटर (गट सांभाळणारे) बदलण्याची तंबी मिळाली. 30 जूनला अपोलो बंद झालं, दर तसाच राहिला.

आता फ्री बेसिक्स, म्हणजे ठरावीक साइट फुकट देणारी फेसबुकची योजना, आठवा. फेसबुकने लोकांकडून एका क्लिकमध्ये तयार ईमेल ट्रायला (दूरसंचार नियामकाला) पाठवले. ट्रायने सरळ सांगितलं, आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. विरोधकांनी मात्र प्रश्न समोर ठेवून मुद्देसूद उत्तरं पाठवली. 8 फेब्रुवारी 2016 ला साइटनुसार वेगळ्या, म्हणजे भेदभावाच्या डेटा दरांवर बंदी आली आणि फ्री बेसिक्स भारतातून गेलं. व्हॉट्सअ‍ॅपनेही 2021 मध्ये नवं गोपनीयता धोरण मान्य करायची 8 फेब्रुवारीची मुदत 15 मेपर्यंत ढकलली, ती लोक सिग्नल-टेलिग्रामवर पळायला लागले म्हणून. त्याच धोरणावरून स्पर्धा आयोगाने 2024 मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, 213.14 कोटींचा दंड लावला. मग अपिलं सुरू झाली, तो भाग वेगळा.

अहिराणी रील करणाऱ्या पोरांसाठी : व्हिडिओ उडाला की लाइव्ह येऊन आरडाओरडा करू नका. आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. 24 तासांत पोच आणि 7 दिवसांत निकाल, असा आयटी नियम आहे (फेब्रुवारी 2026 आधी 15 दिवस होते). उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पण तिथे ‘हे धोरणच मागे घ्या’ लिहिलं तर उपयोग नाही. कोणता व्हिडिओ, लिंक, काढल्याची तारीख, दाखवलेला नियम आणि तो इथे का लागू नाही, एवढं लिहायचं. स्क्रीनशॉट व्हिडिओ उडाल्याबरोबर काढा, नोटीस नंतर सापडत नाही.

रावेर-यावलकडच्या केळी भावाच्या ग्रुपांना व्हॉट्सअ‍ॅप सोडून सिग्नलवर हलायचं असेल तर अ‍ॅडमिनने आधी चॅट एक्स्पोर्ट करावं. फोटोंसह काढलं तर शेवटचे 10 हजार मेसेज येतात, फोटोंशिवाय 40 हजार. त्याआधीचं मागे राहतं, म्हणून जुन्या पावत्यांचे फोटो वेगळे सेव्ह करा. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप 1024 जणांचा, सिग्नलचा 1000, म्हणजे भरलेला ग्रुप जसाच्या तसा मावणार नाही. बंद पडलेले नंबर आधी काढा. मग रोजचा भाव फक्त नव्या ग्रुपवर टाका, जुन्यावर नुसती लिंक. दोन्हीकडे भाव टाकत राहिलात तर जुन्या ग्रुपमधून कोणी उठणार नाही.