कुलरचा नाही हो, कीबोर्डचा स्टँड

कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की माणूस महिनोन्महिने यूट्यूब बघतो, पॉलिफनी किती, टच कसा, तबल्याचे टोन आहेत का नाही, सगळं तोंडपाठ करतो, बायकोला झोपेतून उठवून दोन मॉडेलमधला फरक ऐकवतो (तिला दोन्ही सारखेच वाटतात आणि ती तसं सांगतेही). आणि स्टँड? दुकानदार बिल फाडता फाडता विचारतो, "स्टँड पण देऊन टाकू का?" आपण म्हणतो, "द्या देऊन." संपला विषय. मग पुढची कित्येक वर्षं आपले गुडघे त्या "द्या देऊन"चे हप्ते भरत बसतात.

तो जो सोबत येतो ना, तो एक्स स्टँड. दोन पाइप, मधे बोल्ट, बोल्टवर दातेरी चकती, नॉब ओढा, पाहिजे त्या उंचीवर आणा, सोडा, खट्ट. दुकानात एकदम भारी वाटतो. गोम अशी आहे की याची उंची आणि रुंदी एकाच बोल्टच्या हातात आहे. खाली घेतला की पाय फाकतात, वर घेतला की पाय जवळ येतात. बसून वाजवायचं म्हणून खाली घ्या, तर ती फुली बरोब्बर आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे येऊन बसते, आणि उभं राहून वाजवायला वर घ्या, तर वरचं वजन तेवढंच आणि खालचा पसारा अर्धा, मग तो डोलायला लागतो. डबल पाइपवाला येतो तो कमी डोलतो, मान्य, पण गुडघ्यांच्या बाबतीत त्याचंही धोरण तेच.

आमचा इथे नागपुरात ऑफिसातल्या लोकांचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे, रिसेप्शन, गणपती, कोणाचा रिटायरमेंटचा कार्यक्रम, असं चालू असतं. धरमपेठेतल्या एका रिसेप्शनला मी उजव्या हाताने वरच्या सप्तकात एक पळती जागा घेतली तर कीबोर्डसुद्धा माझ्यासोबत उजवीकडे निघाला, मी परत आलो तर तोही आला. कार्यक्रम झाल्यावर नवरीचे काका खास भेटायला आले, म्हणाले, "वा! काय रंगून डोलत होते तुम्ही." मी कशाचा रंगतो, मी आपला कीबोर्डच्या मागे मागे जाऊन राहिलो होतो.

तरी एका कीबोर्डवर हे सगळं निभून गेलं असतं. पण जुनी हिंदी गाणी वाजवायची म्हणजे ऑर्गनचा आवाज पाहिजे, आणि ऑर्गनचा आवाज पाहिजे म्हणजे पुढे ओढायच्या दांड्यावाला, ज्याला ड्रॉबार म्हणतात, तो 61 पट्ट्यांचा दुसरा कीबोर्ड पाहिजे, असं मी घरी पटवून दिलं (म्हणजे आणला, मग पटवलं). खाली 88 पट्ट्यांचा पियानो, 12 किलो. वर ऑर्गन, 7 किलो. आणि त्यांना धरायला तो फुलीवाला.

बरं, या ऑर्गनच्या मूळ पुरुषाला स्टँडची गरजच नव्हती. 1935 मध्ये शिकागोत हॅमंड ऑर्गन आला, आणि 1954 पासून निघालेला त्यातला बी-3 सगळ्यात गाजला. आत 91 धातूच्या चकत्या मोटरवर गरगर फिरायच्या आणि त्यातून सूर निघायचा, चार पायांचं लाकडी खोकं, बसायचं बाकडं आणि पायाने वाजवायच्या पट्ट्या धरून वजन जवळजवळ 190 किलो. त्याला स्टँड नाही, हमाल लागायचे. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गनही तसाच स्वतःच्या पायांवर उभा, वाजवणाऱ्याने दोन्ही पायांनी भाता मारत राहायचं, गंमत म्हणजे तो हवा बाहेर ढकलत नाही, आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज पेटीपेक्षा गोल येतो. पाय चालू, हात चालू, आणि काहीही हलत नाही. आता तो सगळा आवाज 7 किलोच्या डब्यात मावला आणि पाय मात्र कंपनीने आपल्यावर सोडून दिले.

मी म्हटलं आधी घरातलंच काही जमते का पाहू. डायनिंग टेबलवर ठेवून पाहिला. टेबल 75 सेंटीमीटर, त्यावर कीबोर्डची जाडी 12, म्हणजे पट्ट्या 87 वर. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून 72 ते 74 सेंटीमीटरवर असतात आणि त्याला कारण आहे, बसल्यावर कोपर तेवढ्यावर येतं. 87 वर वाजवलं की दहा मिनिटांत खांदे कानाला लागतात. शिवाय जेवायची वेळ झाली की मैफल उठवावी लागते. मग आईच्या शिलाई मशीनचा बिडाचा सांगाडा आठवला, वजनदार, ढिम्म, खाली पायटासुद्धा. उंची जमली, पण लांबी नाही, 88 पट्ट्या दोन्हीकडून अशा बाहेर आल्या की शेवटच्या पट्टीवर जोर दिला की दुसरं टोक उठायचं. आईने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "फॉल लावायला साडी आली आहे, तुझं ते उचल."

ऑनलाइन शोधलं तर स्टँडची अख्खी एबीसीडी निघाली. झेड स्टँड असतो, त्याचे पाय दोन बाजूंना, मधे गुडघ्यांना मोकळी जागा, चांगला प्रकार आहे, पण दुसरा मजला चढवायचा तर वेगळे हात विकत घ्या. टेबलसारखा चौपायी असतो, सगळ्यात स्थिर, सगळ्यात अवजड. एका खांबाचा असतो, खाली तीन पाय, खांबातून दोन-दोन हात बाहेर, दिसायला एकदम फॉरेन. जर्मनीत कोनिग अँड मायर नावाची कंपनी आहे, 1949 पासून ही माणसं स्टँडच बनवून राहिली, त्यांचे फोटो पाहून डोळे निवले, मग किंमत पाहिली. तेवढ्यात सेकंडहँड कीबोर्ड येतो.

आणि पैसे असते तरी माझा खरा अडथळा वेगळाच. दोन कीबोर्डचा जो तयार स्टँड मिळतो त्यात वरचा मजला चांगला हातभर वर असतो, कारण खालच्या कीबोर्डची बटणं, स्क्रीन दिसली पाहिजे. सिंथवाल्याला (बटणं फिरवून आवाज घडवणाऱ्याला) ते ठीक आहे. ऑर्गनवाल्याचं गणित उलटं, त्याचे दोन हात दोन मजल्यांवर एकाच वेळी असतात, डावा खाली, उजवा वर, मधेच उडी मारायची, म्हणून मूळ ऑर्गनमध्ये दोन्ही ओळी अगदी चिकटून आणि वरची जराशी मागे सरकलेली असते. हातभर अंतर ठेवलं की ऑर्गन वाजवणारा माणूस माळ्यावरून डबे काढताना दिसतो.

म्हणून ठरवलं, बनवूनच घेऊ. इतवारीत लोहा ओळीला लोखंड, घराजवळ वेल्डिंगवाला, आपल्याकडे डोकं, काय अडलंय? अडलं होतं एप्रिल.

नागपूरबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, होळी झाली की इथला प्रत्येक वेल्डर फक्त एकच वस्तू बनवतो, कुलरचा स्टँड. खिडकीच्या उंचीचा, चार पाय, वर चौकट. रस्त्याच्या कडेला रांगा लागतात त्यांच्या. 45 डिग्रीत माणसाला दुसरं काही सुचत नाही आणि वेल्डरला तर नाहीच नाही. मी कागदावर नीट ड्रॉइंग काढून नेलं, दोन मजले, मधलं अंतर, वरच्याला पुढे उतार, सगळं सेंटीमीटरमध्ये. मिस्त्रीने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग विचारलं, "डक्टचा आहे का?"

"कुलर नाही भाऊ, कीबोर्ड. कॅसिओ."

"अच्छा, कॅसिओ. त्याले हवा लागत नाही?"

"नाही."

"मंग दोन मजले काहून?"

मी हात हवेत ठेवून वाजवून दाखवलं, डावा खाली, उजवा वर. दुकानातला पोट्टा ग्राइंडर बंद करून पाहायला लागला. मिस्त्री विचार करून म्हणाला, "पस्तीस-पाचचा अँगल मारून देतो. तुम्ही स्वतः वर उभे राहून नाचा. हलला तर पैसे वापस."

मी हळूच म्हटलं की एकूण वजन 19 किलो आहे, एवढा अँगल (35 मिलिमीटर रुंद, 5 जाड, एल आकाराचं लोखंड) कशाला, तर म्हणाला, "पाण्याने भरलेला कुलर किती होते माहीत आहे?" आता यावर काय बोलणार.

स्टँड झाला. देखणा नव्हता पण खरंच हलत नव्हता. 35 बाय 5 चा अँगल मीटरला 2.6 किलो भरतो, माझ्या स्टँडला 11 मीटर लागला होता, करा हिशोब, साडेअठ्ठावीस किलो. 19 किलोचे कीबोर्ड उचलायला साडेअठ्ठावीस किलोचा नोकर. घडी होत नाही, कारच्या डिकीत जात नाही, ऑटोत आडवा घातला तर दोन्हीकडून बाहेर. ऑटोवाला सिग्नलला मागे वळून म्हणाला, "भल्ला मोठा कुलर घेतला साहेब." बिल्डिंगच्या गेटवर चौकीदाराने तेच विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तर सल्लाही दिला की पूर्वेच्या खिडकीला लावू नका, सकाळचं ऊन येते. मी सगळ्यांना हो म्हणायला लागलो होतो.

लिफ्ट त्या दिवशी बंद. पोचवून द्यायचं ठरलेलं असल्यामुळे मिस्त्री आणि त्याचा पोट्टा मागून गाडीवर आले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ते लोखंड त्यांनीच चढवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो अडकला तेव्हा मिस्त्री भिंतीला टेकून बराच वेळ काही बोलला नाही. वर येऊन माठातलं थंड पाणी प्यायला, स्टँडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मनापासून विचारलं, "हा दर प्रोग्रामले खाली न्या लागते?"

"हो."

"काहून नाही सांगतलं पहिले? पाइपचा बनवू. नट-बोल्टचा."

मानलं त्या माणसाला. कुलरच्या गर्दीतून वेळ काढून त्याने दुसरा बनवला आणि हा खरंच डोक्याने बनवला. एक इंची चौकोनी पाइप, 16 गेज जाडीचा, मीटरला 1.2 किलोच्या आसपास. पाइप बंद खोका असल्यामुळे पीळ खात नाही, उघडा अँगल जाड असूनही पिळतो, हे त्याने मला पुस्तकातून नाही, दोन्हीचे तुकडे हातात देऊन पिळायला लावून दाखवलं. दोन बाजूचे सांगाडे सुटे, मधे दोन आडव्या पट्ट्या, आणि मागे एक तिरपी. ती तिरपी पट्टी म्हणजे खरी गोष्ट आहे बरं का. नुसत्या चौकोनाला धक्का दिला की तो कलतो, तिरपी लावली की त्रिकोण होतो आणि त्रिकोण कलायला तयार नसतो. बोल्टला विंग नट, म्हणजे पाना नको, बोटांनी आवळायचं. पायाच्या खाली नट वेल्ड करून त्यात बोल्ट, म्हणजे स्टेज उंचसखल असलं की तो पाय फिरवून वर-खाली करता येतो, आणि बोल्टाच्या डोक्याला म्हाताऱ्या माणसांच्या काठीचे रबरी बूट. कीबोर्ड घसरू नये म्हणून वरच्या पाइपांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून ताणून बसवली. वरच्या मजल्याची उंची मी सांगितली तशी, ऑर्गनचा पुढचा काठ खालच्या कीबोर्डच्या मागच्या भागावर येतो, व्हॉल्यूमचा नॉब तेवढा आंधळेपणाने शोधावा लागतो. सगळा मिळून 10 किलो, कापडी पिशवीत मावतो.

एकच, काळा ऑइलपेंट पूर्ण वाळायच्या आत ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला तो पाहायला आला आणि टेकून उभा राहिला. त्याची पांढरी पॅन्ट. जाऊ द्या.

गणपतीत महाल भागातल्या एका मंडळाकडे पहिला प्रोग्राम. बल्ल्यांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, असं स्टेज. मी आधी जाऊन स्टँड जोडला, चारही बोल्ट फिरवून लेव्हल केला, दोन्ही कीबोर्ड चढवले, दोन हातांनी धरून हलवून पाहिला. ढिम्म. पहिली चार गाणी अशी वाजली की काय सांगू, डावा हात खाली, उजवा वर, गुडघे मोकळे, लोकांकडे बघून हसायलासुद्धा वेळ मिळाला. पाचव्याला मंडळाच्या पोट्ट्यांची फर्माइश आली आणि वीस-पंचवीस जण सरळ स्टेजवरच नाचायला चढले. फळ्या उसळायला लागल्या. ऑर्गन खाली गेला, वर आला, मी खाली गेलो, वर आलो, शेजारी गायिका माइकचा दांडा धरून वर-खाली, सगळे एका तालात. स्टँड मात्र स्टेजला सोडून तसूभर हलला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

घरी येताना मिस्त्रीला फोन लावला, म्हटलं तुमचा स्टँड हलला.

"कोणत्या जागी?"

सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ ग्राइंडरचाच आवाज.

"भाऊ, मी स्टँडची गॅरंटी दिली होती, स्टेजची नाही," तो म्हणाला. "मंडळाच्या अध्यक्षाचा नंबर असंल तर द्या. पस्तीस-पाचमध्ये मारून देऊ."