पाण्यावरची गाडी पुन्हा निघाली

‘पाण्याला योग्य फ्रिक्वेन्सी दिली की त्याचा आपोआप गॅस होतो. स्टॅनली मेयरने त्यावर गाडी पळवली, म्हणून तेल कंपन्यांनी त्याला विष घातलं.’ हा फॉरवर्ड अधूनमधून उगवतोच. या खेपेला तो आमच्या मामांकडे पोचला आणि मामांनी व्हॅनला एचएचओ किट (विजेने पाणी फोडून निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस इंजिनात सोडणारं यंत्र) बसवायला पैसेसुद्धा बाजूला काढले. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला आणि सगळ्यांत अचाट मुद्दा: गायिकेच्या सुराने काचेचा पेला फुटतो, तसा रेझोनन्सने, म्हणजे नेमक्या तालात कंपनं देऊन, पाण्याचा रेणू फुटतो. पेला फुटतो, मान्य. पण फोडायची ताकद गायिकेच्या छातीतून येते, फुकट नाही. आणि इथे फोडून थांबायचं नाहीये, फोडून जाळायचंय. हायड्रोजन जळला की काय होतं? परत पाणीच! शंभराची नोट मोडून पुन्हा शंभराची केली तर मधल्या मध्ये दीडशे कसे होतील? एक लिटर पाणी फोडायला सुमारे ४.४ युनिट ऊर्जा लागते. तो हायड्रोजन जाळला की फार तर तेवढीच परत येते. त्यातलीही निम्म्याहून जास्त इंजिनच उष्णतेत घालवतं. आणि किटला वीज कुठून? गाडीतल्या वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरमधून. तो कशावर फिरतो? मामांच्याच पेट्रोलवर.

बरं, फ्रिक्वेन्सी तरी कसली? रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सेकंदाला साधारण कोटी गुणिले कोटी वेळा थरथरतो. या किटचे विजेचे झटके सेकंदाला हजारांच्या घरातले. घरचा मायक्रोवेव्ह २४५ कोटी हर्ट्झवर चालतो. त्यात चहाचं पाणी उकळतं, हायड्रोजन निघत नाही.

मेयरचं म्हणाल, तर १९९६ साली अमेरिकेतल्या ओहायोत दोन गुंतवणूकदारांनी त्याला कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी त्याचा पाणी फोडणारा ‘सेल’ तपासला. आत निघालं शाळेतलं साधं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे वीज सोडून पाणी फोडणं. कोर्टाने ही उघडउघड फसवणूक ठरवली आणि २५,००० डॉलर परत करायला लावले. फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं. १९९८ साली तो गेला. शवविच्छेदनात मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं निघालं. ‘पेटंट होतं ना?’ होतं. पेटंट म्हणजे यंत्र चालत असल्याचा दाखला नव्हे.

एक गोष्ट कबूल करतो. कंपनांचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाने २०२२ साली ध्वनिलहरी लावून इलेक्ट्रोलिसिसमधून कितीतरी पट जास्त हायड्रोजन काढला. पण निव्वळ ऊर्जाबचत होती २७ टक्के. म्हणजे वीज लागतेच, थोडी कमी लागते.

आता खरी काळजी. हे किट हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करत नाही. दोन्ही एकाच बाटलीत, स्फोटाला अगदी हवं त्या प्रमाणात. तेही तापलेल्या बॉनेटखाली. एक ठिणगी नळीतून मागे सरकली की संपलं. पाण्यात कॉस्टिक (कातडी जाळणारा क्षार) असतं, ते उडालं तर डोळे जातात. काही व्हिडिओंत तर त्यात मीठ टाकायला सांगतात. त्याने क्लोरीन सुटतो.

मामा, किटवाल्याला पैसे देण्याआधी त्याच्याच गाडीतलं पेट्रोल पूर्ण काढायला लावा, आणि निव्वळ पाण्यावर ती घाट चढवून दाखव म्हणा.