संकासुराने कधी गाऱ्हाणे घातले नाही

सावंतवाडीच्या आमच्या शाळेतील जुन्या मित्रांच्या ग्रुपवर सध्या एक वाद पेटला आहे आणि तो काही केल्या विझत नाही. एक मित्र दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह बहिणीकडे अमेरिकेला जाऊन आला. फ्लोरिडात डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानात त्याने ‘डिस्ने व्हिलन्स : अनफेअरली एव्हर आफ्टर’ हा रंगमंचीय कार्यक्रम पाहिला, जो २७ मे २०२५ रोजी सुरू झाला. क्रुएला डी व्हिल, कॅप्टन हुक आणि मॅलेफिसंट हे डिस्नेच्या चित्रपटांतील तिघे खलनायक जादूच्या आरशापुढे उभे राहतात आणि सर्वांत मोठा अन्याय आपल्यावरच कसा झाला, हे प्रेक्षकांना पटवू पाहतात, एवढाच त्याचा विषय. मित्राचे म्हणणे असे की, कुत्र्याच्या पिल्लांच्या कातड्याचा कोट शिवायला निघालेल्या त्या क्रुएलाला तेथील लहान मुले टाळ्या वाजवून दाद देत होती आणि ज्या समाजात असे घडते त्याचे दिवस भरले आहेत. त्यावर हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडला. मग कोणी गोव्यातील नरकासुराच्या स्पर्धांचा विषय काढला, कोणी आपणही त्याच वाटेने चाललो आहोत असे लिहिले, आणि शेवटी एकाने मला टोचले, ‘काय जपानी, तुमच्याकडे काय परिस्थिती?’

आमच्याकडे परिस्थिती उत्तम आहे, असे मी तत्काळ लिहिले आणि मग ते सिद्ध करण्याच्या मागे लागलो. मी टोकियोतील निशी-कासाईत राहतो. जपानमधील डिस्नेची उद्याने जेथे आहेत ते मायहामा येथून जवळ असल्याने, वार्षिक पास बंद होईपर्यंत, आमच्या सोसायटीतील निम्मी मराठी आणि तमिळ कुटुंबे रविवारी तेथेच भेटत असत. तेथील डिस्नेसी उद्यानात २०१५ च्या हॅलोविनला खलनायकांनी अख्खे बंदर ताब्यात घेतले. नौकांतून ते पाण्यावर अवतरले आणि प्रत्येकाच्या दिमतीला माणसांच्या रूपातील चेले होते. कार्यक्रमाचा रोख सरळ होता : या, आमचे चेले व्हा, तुमची प्रत्येक इच्छा आम्ही पुरी करू. येथील रसिकांनी खलनायकांपेक्षा त्या चेल्यांवरच अधिक जीव लावला. कोणता चेला कोणत्या फेरीत मान कशी कलती ठेवतो, यावर तासन्‌तास चर्चा होत असे. एकदा माझ्या शेजारी पहाटेपासून जमिनीवर शीट अंथरून बसलेल्या बाईंनी हूकच्या चेल्याचा कोट स्वतः शिवून अंगात घातला होता. त्याच्या बाहीवरील सोनेरी काठ हाताने भरलेला होता आणि एका ठिकाणी टाके जाणूनबुजून उसवलेले होते, कारण मूळ पोशाखावर तेथे फाटल्याची खूण आहे. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी शीटची चौकोनी घडी केली, पडलेला पॉपकॉर्नचा दाणा उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि त्या रांगेतून निघून गेल्या. दुष्टांना दाद दिल्याने समाज बिघडतो म्हणणाऱ्यांनी बिघडलेला समाज असा दिसतो हे पाहून घ्यावे, असे मी ग्रुपवर लिहिले. हा युक्तिवाद फारसा पक्का नाही हे मलाही कळते, परंतु ग्रुपवर पक्क्या युक्तिवादाला विचारतो कोण?

गंमत अशी की, फ्लोरिडातील तो कार्यक्रम अमेरिकेतील अनेक रसिकांनाही खटकतो, मात्र अगदी उलट कारणाने. मी तो चित्रफितींतच पाहिला आहे आणि त्याविषयीची मते मिळतील तेवढी वाचली आहेत. खलनायकांना अखेर स्वतःचे नाट्यगृह मिळाले, याचा आनंद जवळजवळ सर्वांना आहे, कारण वर्षानुवर्षे त्यांना हॅलोविनपुरतेच अंगणात येऊ दिले जात होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातीलच मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानात खलनायकांचा स्वतंत्र विभाग बांधण्याची घोषणा झाली, तेव्हा याच रसिकांनी उत्सव साजरा केला होता. उर्सुलाला किंवा स्कारला या तिघांत जागा का नाही, पडद्यावरील चित्रे किती आणि रंगमंचावरील हाडामांसाची माणसे किती, अशा कुरबुरी आहेतच, पण त्या प्रत्येक कार्यक्रमाविषयी असतात. खरा मतभेद निराळा आहे. एक बाजू म्हणते की, आरशापुढची ती नाटकी रडारड हीच मौज आहे, तिला गंभीरपणे घेणाऱ्याने घरी बसावे. दुसरी बाजू म्हणते, आम्ही दुष्ट पाहायला आलो होतो आणि आम्हाला फिर्यादी दाखवले. मॅलेफिसंटवर २०१४ साली आणि क्रुएलावर २०२१ साली चित्रपट निघाले, त्यांत दोघींच्या दुष्टपणाला दुःखाची कारणे जोडली गेली आणि तेव्हापासून प्रत्येक खलनायकाला वकीलपत्र दिल्याखेरीज रंगमंचावर आणायचेच नाही, असा जणू दंडक झाला आहे, अशी त्यांची तक्रार आहे.

मी या दुसऱ्या बाजूचा आहे आणि माझ्या मित्राला नेमके हेच समजलेले नाही. मुलांनी खलनायकाला टाळ्या दिल्या यात वावगे काहीच नाही. वावगे असलेच तर ते त्याने सहानुभूती मागण्यात आहे. मोह घालणारा दुष्ट मुलाला काहीतरी शिकवतो, निदान मोह कसा दिसतो हे तरी दाखवतो. ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणणारा दुष्ट मात्र त्याच्याकडून फक्त कौल मागतो, आणि आजकाल मोठी माणसेही तोच कौल मागत फिरतात. त्यातील काही आमच्या ग्रुपवर आहेत.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचे उदाहरण मी मित्राला दोनदा दिले आणि दोन्ही वेळा त्याने ते वाचले नाही. तेथे १९९२ पासून ‘फँटास्मिक’ नावाचा रात्रीचा कार्यक्रम पाण्यावर होतो, त्यात मिकीच्या स्वप्नात खलनायक घुसतात आणि अखेर मॅलेफिसंटचा ड्रॅगन होत असे. सुमारे ४५ फूट उंचीचा हा यांत्रिक ड्रॅगन एप्रिल २०२३ मध्ये कार्यक्रम चालू असतानाच पेटला आणि जळून गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात कार्यक्रम परतला तो ड्रॅगनविना, मॅलेफिसंट मानवी रूपातच उंच चढते आणि तिथेच तिचा शेवट होतो. तेव्हापासून तेथील रसिक हळहळतात, कारण दुष्ट लहान झाला की मिकीचा विजयही लहान होतो. म्हापशातील पोरे रात्र रात्र जागून बांबू, सुके गवत आणि कागद यांचा दोन मजली नरकासुर उभा करतात, त्याच्या पोटात फटाके भरतात, त्याच्यापुढे वीतभर कृष्ण ठेवतात आणि पहाटे त्याला पेटवून देतात, त्यामागील हिशेब याहून वेगळा नाही. स्पर्धांतील दणदणाट आणि बक्षिसांचे आकडे यांविषयी मित्र जे म्हणतो ते मला मान्य आहे. पण उंच असुराला उदात्तीकरण म्हणायचे असेल, तर तासाभराने पायाखाली फोडायचे असते म्हणून कारीट कोणी कमी कडू पिकवत नाही, एवढे तरी त्याने ध्यानात घ्यावे.

आणि संकासुराचे काय? ज्यांनी जत्रेच्या रात्री देवळासमोर गोणपाटावर बसून दशावतार पाहिला, त्यांनीच दुष्टांना मिळणाऱ्या टाळ्यांविषयी गळा काढावा, याचा मला खरा राग आहे. गणपती, रिद्धीसिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जात, तोवर आम्ही पेंगत असू. अंगभर काळा पोशाख घातलेला संकासुर आला की सगळे खडबडून जागे होत. तो वेद चोरणारा असुर, विष्णूच्या हातून मरणारा, पण मरेपर्यंत सगळा मंडप त्याचा असे. देव छापील वाटावी अशी मराठी बोलत आणि हा मालवणीत. पहिल्या रांगेतील आजीला तो विचारी, ‘काय गो म्हातारे, पेन्शन गावली काय नाय?’ आणि ती त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारल्यासारखे उत्तर देई. सरपंचांपासून मृदंगवाल्यापर्यंत कोणीही त्याच्या तडाख्यातून सुटत नसे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, त्यामुळे तो जे बोले ते त्या गावाचे आणि त्या रात्रीचे असे. आपल्यावर अन्याय झाला, असे मात्र तो कधी म्हणाला नाही. तो चोरी करी, थट्टा करी आणि वेळ आली की मरे. आता अनेक ठिकाणी मुख्य कथेआधीचा हा पूर्वरंग आटोपशीर करतात किंवा गाळूनच टाकतात आणि थेट आख्यानाला हात घालतात. त्यावर ग्रुपमध्ये कोणी अक्षर लिहिल्याचे मला आठवत नाही.

येथे मला एक कबूल करावे लागते, कारण मित्राने अखेर विचारलेच, तुमच्या मायहामात असे चालते का? चालत नाही. तेथे प्रेक्षक उलट बोलत नाही. टाळी कधी द्यायची हे त्याला ठाऊक असते आणि ती एकाच वेळी पडते. माझी मुलगी येथेच जन्मली, तिला ते सारे बिनचूक जमते, पुढच्याला दिसावे म्हणून ती टोपी काढून मांडीवर ठेवते. मला कधीकधी त्या शिस्तीत कंठ दाटल्यासारखे होते, हूक समोरून जात असताना त्याला मोठ्याने काहीतरी विचारावेसे वाटते, आणि मी गप्प राहतो. मग घरी येऊन त्या शिस्तीची फुशारकी सावंतवाडीच्या मित्रांपुढे मिरवतो.

मागील खेपेला डिसेंबरात आमच्याच गावच्या जत्रेला गेलो होतो. पाठीवर युनिक्लोचे जाकीट, हातात कॅमेरा, शेजारी जपानी टोपीतील मुलगी. त्या मंडळीने पूर्वरंग राखला होता. संकासुराने मंडपभर नजर फिरवली, माझ्यावर रोखली आणि आमच्या आळीतल्या लोकांना विचारले, ‘हो पावणो खयचो?’ सगळे देऊळ हसले. मी त्याला उत्तर द्यायला हवे होते, माझ्याकडे उत्तर होतेही, घराण्याचे नाव, वाडीचे नाव, आजोबांनी त्याच देवळाला दिलेली समई. पण इतकी वर्षे मायहामात बसून मला उलट बोलायची सवय राहिलेली नव्हती, आणि मुलीने तेवढ्यात योग्य वेळी टाळी वाजवली.

हे मी ग्रुपवर लिहिलेले नाही. तेथे मी अजून जपानी रसिकांच्या शिस्तीवरच अडून बसलो आहे आणि मित्र क्रुएलावर. फ्लोरिडाचे म्हणाल तर, त्या तिघांपैकी एखाद्याने जरी आरशाकडे पाठ फिरवून पुढच्या रांगेतल्या माणसाला तो कुठला पाहुणा आहे असे विचारले असते, तर मी तिकीट काढून तो कार्यक्रम पाहायला गेलो असतो.