रिकाम्या चोरकप्प्याची उलटतपासणी

काल एका चादरीच्या दुकानात मला चोर ठरवलं, आणि तेही चहा पाजून.

मागचं पटकन सांगते. भंगारातनं एक जुनी लिहायची पेटी उचलली होती. सागवानी, पितळी कोपरे, उघडली की लिहायला उतरती फळी, दौतीला चौकोनी खण. वरनं कुणीतरी चॉकलेटी ऑइलपेंट थापलेला. (आपल्याकडं दाराला लावून उरलेला ऑइलपेंट फेकणं पाप, मग तो पाटाला, स्टुलाला, आजोबांच्या पेटीला, जे जागचं हलत नाही त्याला लागतो.) तो खरवडला, पॉलिशसाठी चपडा लाख रात्रभर स्पिरिटमधे भिजवली, कापसाच्या बोळ्यानं पातळ पातळ हात दिले, तेही पहाटे उठून, कारण सोलापूरच्या मे महिन्यात ऊन चढलं की स्पिरिट बोळ्यातच उडून जातं आणि फळीवर नुसते ओरखडे. सुतार म्हणाला सनमायका मारा, विषय संपवा. नाही मारला.

तर दौतीच्या खणाची पट्टी वर ओढली आणि खाली चोरकप्पा निघाला. आत एक चिठ्ठी, मोडीत. मोडी वाचणारे एक रिटायर गुरुजी गाठले. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, त्यामुळं ते आधी बराच वेळ नुसतं गुणगुणत बसले. निघालं काय, तर ज्वारीचा हिशोब, शके १८४१, म्हणजे १९१९ साल, आणि खाली नाव नि पेठ. विचारत विचारत नातवाच्या दुकानात पोचले. वाटलं माणूस गहिवरेल.

नातू नाही गहिवरला. गहिवरले ते आहेराचे टॉवेल घ्यायला आलेले एक काका, ज्यांचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता. पोऱ्याला टॉवेल मोजायला लावून ते गादीवर माझ्याकडं तोंड करून मांडी घालून बसले.

"चोरकप्पा म्हणालाव का ताई?"

"हो."

"आन् आत?"

"चिठ्ठी. ज्वारीचा हिशोब."

काका नातवाकडं बघून हसले. "ज्वारीचा हिशोब कोण लपवून ठेवतंय ओ?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच जास्त राग आला.

"तीस साली इथं मार्शल लॉ लागलता, म्हाईताय का? लोकांनी किडूकमिडूक कुठं लपवलं असंल?"

"अहो काका, चिठ्ठी एकोणीसची आहे."

"मग? अकरा वर्षं कप्पा रिकामा ठेवतेत का माणसं?"

आता मे १९३० चा मार्शल लॉ, पुढच्या जानेवारीत फाशी गेलेले चार हुतात्मे, हा विषय निघाला की सोलापूरकर मान खाली घालून ऐकतो. काकांनी त्याचाच फायदा घेतला, हुतात्म्यांच्या आडून मला आरोपी केलं. वर "मिस्टर काय करतेत?" मिस्टरांचा काय संबंध? पेटी मी घेतली, बोटं माझी सोलली, पण माल निघाला असेल तर तो मिस्टरांकडंच असणार ना! पोऱ्या मोजायचं सोडून ऐकत होता, काका त्याला म्हणाले, "बघ बे, पुन्हा पहिल्यापासून मोज," आणि परत माझ्याकडं, "तोळा-दोन तोळं तरी असंल की ओ?"

नातू इतका वेळ गप्प. शेवटी बोलला, "तसं नाही ताई, पण पेटी आमच्या घरातनं बाहेर गेली कशी?" अहो, हे मी तुम्हाला विचारायचं का तुम्ही मला? किलोच्या भावानं यांच्याच घरातल्या कुणीतरी घातली असणार, तो ऑइलपेंटही बहुतेक यांचाच, आणि जबाब मी द्यायचा. आजोबांचं अक्षर तरी बघा म्हणून चिठ्ठीचा फोटो पुढं केला, तर झूम करून म्हणतो, मागच्या बाजूला काय आहे? मागं काही नाही. मागं कोरं आहे. आपल्या आजोबांनी काय लिहिलंय हे एकानं विचारलं नाही.

चहा प्यालाय म्हणून दोन टॉवेल घेतले. एक रुपया सूट नाही. काकांना घसघशीत.

रात्री नातवाचा मेसेज, चोरकप्प्याचा व्हिडिओ पाठवा. पाठवला. लगेच उत्तर आलं, "हा नंतरचा आहे. पहिल्यांदा उघडताना काढलेला पाठवा."