लिग्निनचा डिंक आणि परीक्षेचं पॅड

घरात फर्निचरचं काम निघालं की कोणीतरी हा निरोप मोबाइलवर पुढे पाठवतंच. सार असं: लाकडात निसर्गानेच डिंक भरलेला आहे, त्याचं नाव लिग्निन. भुसा २०० अंशांवर तापवून दाबला की पक्का बोर्ड तयार, पाण्यालाही दाद देत नाही. पण कंपन्या हे दडवतात आणि आपल्या गळ्यात फॉर्माल्डिहाइडचा विषारी गोंद मारतात. कागद कारखाने तर लिग्निन चक्क फेकून देतात.

पहिलं वाक्य खरं आहे. लाकडाच्या वजनात साधारण पाव हिस्सा लिग्निन असतं आणि तंतूंना जखडून ठेवण्याचं काम तेच करतं. पुढे मात्र गाडी घसरते.

“कंपन्यांनी दडवलं.” परीक्षेला क्लिप लावलेलं तपकिरी पॅड नेलं असेल ना? ते हार्डबोर्ड. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये ही पद्धत काढली. लाकडाच्या चिपा बंद नळकांड्यात जबर दाबाच्या वाफेवर ठेवायच्या आणि झडप एकदम उघडायची. चिपा फुटून तंतू सुटे होतात. तो ओला लगदा तापल्या प्रेसमध्ये दाबला की लिग्निनच्या जोरावर बोर्ड तयार. पुढे अनेक कारखाने त्यात थोडं रेझिन, म्हणजे कृत्रिम गोंद, आणि मेण घालू लागले, ते वेगळं. पण मेसोनाइट या नावाने जो माल जगभर खपला, त्याला दडवलेलं गुपित कसं म्हणायचं?

“नुसतं तापवून दाबलं की झालं.” आता ते पॅड उलटं करा. पाठीवर जाळीचा ठसा दिसेल. सगळी मेख तिथे आहे. कोरडं लिग्निन सहजी मऊ पडत नाही, त्याला दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. ओलावा असला की ते बरंच आधी मऊ होतं, म्हणून लगदा ओला हवा. पण प्रेसमध्ये त्याच पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर प्रेस उघडताच बोर्ड फुटतो. म्हणून खाली जाळी. आणि लगद्यातून निथळणारं पाणी लाकडातल्या साखरेने भरलेलं असतं. ते नदीत सोडलं तर मासे मरतात, शुद्ध करायचं तर खर्च. कोरडे तंतू गोंद लावून दाबलेल्या बोर्डाने, म्हणजे एमडीएफने, या धंद्यावर मात केली, त्यामागे हेही एक कारण होतं.

दाबाचंही गणित करून बघा. चौरस सेंटिमीटरला ५० किलो धरले, तर फूटभर लांब-रुंद तुकड्यावर ४५ टनांच्या वर भार येतो. घरच्या शिकंजाने हे व्हायचं नाही. शिवाय असा बोर्ड घट्ट आणि जड होतो: घनमीटरला हजार किलोच्या आसपास, एमडीएफ सातशे-आठशे. पॅडला चालतं. कपाटाच्या सहा फुटी दाराला बिजागऱ्या रडतील.

“पाण्यालाही दाद देत नाही.” बॉयलरसाठी भुशाच्या, उसाच्या चिपाडाच्या कांड्या मिळतात, ज्यांना पांढरा कोळसा म्हणतात. त्यात गोंद नसतो, प्रचंड दाबाने तापलेलं लिग्निनच त्यांना धरून ठेवतं. एक कांडी बादलीत टाकून थोड्या वेळाने बघा, लापशी झालेली असेल. वाफेने फोडलेल्या तंतूंचा बोर्ड यापेक्षा बराच बरा, पण पावसात भिजलेल्या पॅडचा फुगलेला कोपरा आठवा. उलट गोंदाने जोडलेल्या मरीन प्लायचा (आयएस ७१० या भारतीय मानकाच्या प्लायवूडचा) नमुना ७२ तास पाण्यात उकळून तपासतात.

“फेकून देतात.” नाही हो, जाळतात. लाकूड रसायनांत शिजवून लगदा काढल्यावर उरलेल्या काळ्या द्रावात लिग्निन असतं. ते बॉयलरमध्ये जाळून कारखान्याला वाफ आणि वीज मिळते, वर शिजवणीची रसायनंही परत हाती येतात. लिग्निन बाहेर काढून विकायचं तर तेवढं इंधन दुसरीकडून आणावं लागतं. तरी काहींनी ते केलं. फिनलंडमध्ये सुनिला इथे २०१५ मध्ये वर्षाला ५०,००० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला.

राहिला विषाचा मुद्दा. इथे निरोपातली भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. नव्या कपाटाचं दार उघडताच डोळे चुरचुरतात, त्यामागे बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, कारण ओलाव्यात त्यातून फॉर्माल्डिहाइड हळूहळू सुटत राहतं. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचा, म्हणजे फिनॉलचा गोंद घट्ट बसतो, त्यातून फारच कमी निसटतं. गंमत अशी की ‘लिग्निनचा गोंद’ म्हणून प्लायवूडला आज जो वापरतात, तो बहुतेकदा हाच फिनॉलचा गोंद असतो. त्यातल्या फिनॉलचा काही भाग, फार तर निम्म्याच्या आसपास, काढून तिथे लिग्निन घालतात. सांधणारं फॉर्माल्डिहाइड तसंच राहतं. लिग्निनच्या रेणूत जोड घ्यायला मोकळ्या जागा फिनॉलपेक्षा कमी, म्हणून सगळं फिनॉल हटवणं जड जातं. आणि अगदी बिनगोंदाचा बोर्डही पूर्ण शून्यावर येत नाही, कारण तापलेलं लाकूड स्वतःच थोडं फॉर्माल्डिहाइड सोडतं.

नारळाच्या सोडणांचं मात्र मला खरंच कौतुक आहे. त्यात लिग्निन भरपूर. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या संशोधकांनी काथ्या आणि भुसा वेगळा न करता अख्खं सोडण दळून, तापवून, दाबून बिनगोंदाचे मजबूत बोर्ड केले आहेत. कोकणात परसात सोडणांचे ढीग पडलेले असतात. पण त्यांनाही प्रेस लागतोच.