ऊसतोडीचे फोटो काढताय? मग एवढं पाळाच

मुंबईत फोटोग्राफर म्हणून नाव काढायचं असेल तर लग्नांच्या नादी लागू नका. गरिबी धरा. तिथे अल्बम उशिरा दिला म्हणून ॲडव्हान्स परत मागणारा सासरा नसतो.

दिवाळी सरली की बीडकडची माणसं बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर उतरतात, पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या घालतात. ती अंधारातच फडात जातात. तुम्ही उजाडल्यावर जा, ऊन कोवळं मिळतं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर चुंबळ, वाढ्यानेच (उसाच्या शेंड्याच्या पाल्याने) आवळलेली मोळी अशी बाई दिसली की म्हणा, "ताई, जरा तशाच थांबा, मान डावीकडे." मजुरी टनावर असते, तेव्हा ती थांबली तेवढा ऊस तोडायचा राहिला. पण नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. अर्ध्या कोयत्याचा हिशेब तुम्ही कशाला करता?

पोराला हसवू नका. ऊस सोलत खिदळणारं पोर प्रदर्शनात चालत नाही.

आणि मजूर आणणाऱ्या मुकादमाला फ्रेमबाहेर ठेवा. त्याच्या वहीत आगाऊ दिलेली उचल असते, खाडे असतात. तो दिसला की गरिबीला कारण दिसायला लागतं, मग फोटोतली कविता जाते. कारखान्याचं धुराडंही टाळा. उद्घाटनाला चेअरमनसाहेब लागतील. बीडमधल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या, पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून, असंही त्यांत होतं. तो विषय सोडा. पोटावरचे टाके काय दिवाणखान्यात लावायचे?

नाव विचारू नका. थोरामोठ्यांनीही विचारलं नव्हतं. मार्च १९३६ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमोला, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. वय विचारलं, ३२ निघालं. नाव राहिलं. फोटो छापून आल्यावर तळावर सरकारी धान्य पोचलं, तोवर बाई पोरंबाळं घेऊन पुढच्या कामाला गेली होती. फोटो जगभर गाजला आणि फ्लॉरेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८ साली. पुढे १९९८ मध्ये त्याची एक प्रत लिलावात २,४४,५०० डॉलरला गेली. (त्यात कोपऱ्यात अंगठा येत होता, तो लँगबाईंनी निगेटिव्हवरच पुसवून घेतला. तुम्ही निदान पोराच्या हातातला मोबाईल तरी पुसा.)

निघताना "फोटो पाठवतो" म्हणायला विसरू नका. पत्ता लिहून घेतलात तरी बिघडत नाही. हंगाम संपून पट्टा पडला की कोपी मोडते.

प्रदर्शन काळा घोड्यालाच. जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षंच्या वर्षं जातात, तोवर 'माती आणि माऊली' असलं काहीतरी नाव शोधून ठेवा. उद्घाटनाला चहा बिनसाखरेचा ठेवा, कुलाब्याकडून येणाऱ्या मंडळींना डायबेटिस असतो. कुणी खवचटाने विचारलंच, "या बाईला यातून काय मिळालं?" तर गंभीर होऊन "दृश्यता" म्हणा आणि लगेच प्रिंटच्या किमतीवर या. फ्रेमचे पैसे वेगळे सांगायचे. जीएसटीही.