महाग मदरबोर्ड म्हणजे अपग्रेडची हमी नव्हे

घरी पीसी जुळवणाऱ्यांत मदरबोर्डबद्दल (पीसीचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) एक सल्ला सर्रास फिरतो : ‘बोर्डाला हात आखडता घेऊ नका. सगळ्यात महागाचा घ्या, मग दहा वर्षं नुसता प्रोसेसर आणि रॅम बदलत राहा.’ हे ऐकून ग्राफिक्स कार्डासाठी ठेवलेले पैसे बोर्डात जातात. या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक गृहीतक चुकीचं आहे.

पुढे कुठला प्रोसेसर बसेल हे किमतीवर नाही, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) आणि चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) यांवर ठरतं. २०२१ च्या अखेरीस झेड ६९० चिपसेटचा कितीही भारी बोर्ड घेतलेला असो, तो इंटेलच्या १४व्या पिढीपाशी थांबतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २००एस या इंटेलच्या पुढच्या प्रोसेसरांना वेगळा एलजीए १८५१ सॉकेट लागतो. उलट २०१८ च्या साध्या बी ४५० बोर्डावर बायोस (बोर्ड सुरू करणारं त्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून एएमडीचा २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ चा, आणि २०२७ व त्यापुढेही तो चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणून आज अपग्रेड डोळ्यांसमोर असेल तर मधल्या किमतीचा, एएम५ सॉकेटचा बी ६५० किंवा बी ८५० बोर्ड घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

मात्र अगदी स्वस्तातलाही नको. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) हीटसिंक, म्हणजे उष्णता काढून घेणारा धातूचा तुकडा, नसलेला बोर्ड सहा कोरच्या प्रोसेसरला पुरतो. त्यावर पुढे १७० वॉटचा १६ कोरचा रायझन बसवला, तर मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो.

‘चार स्लॉट आहेत, आता दोन भरू, पुढे दोन’ हे डीडीआर५ या आजच्या रॅमवर महागात पडतं. रायझन ७००० ला रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) असताना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. त्यामुळे सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन स्टिक घ्या. आणि नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. बोर्ड तेव्हा मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. बोर्ड गेला असं समजून घाबरून बटण बंद करू नका.

पीसीआयई ५ (ग्राफिक्स कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाची नवी आवृत्ती) साठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. आजच्या ग्राफिक्स कार्डांना पीसीआयई ४ पुरतं. त्यापेक्षा मॅन्युअल उघडून दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) भरल्यावर कुठले साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायच्या जागा) बंद होतात ते बघा.

ज्याला खरंच पैसे द्यावेत ती सोय म्हणजे बायोस फ्लॅशबॅक, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट बायोस अपडेट करणं. म्हापशात किंवा मडगावात दुकानात पडून राहिलेल्या बी ६५० मध्ये जुना बायोस असू शकतो, आणि मग २०२४ चा रायझन ९००० त्यावर सुरूच होत नाही. फ्लॅशबॅक असला की प्रोसेसरशिवाय काम होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, पॉवर सप्लायची २४ पिनची आणि ८ पिनची केबल जोडा, खूण केलेल्या पोर्टात ड्राइव्ह घाला आणि बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हे यूपीएसवरच करा.

राहिली खारी हवा. कळंगुट किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरात महाग बोर्डालाही तोच दमटपणा भोगावा लागतो. जून ते सप्टेंबर पीसी बंद ठेवू नका. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालवा, आतल्या उबेने ओल सुकते. पीसीच्या गरम कॅबिनेटवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकलं तर दमट हवा आतच कोंडते. रॅम ओळखली जात नसेल तर ती काढून सोनेरी पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. खोडरबर नको, त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि खालच्या धातूला गंज धरतो.